सहीखालची मेख, आणि ती फुकटात शोधायची सोय

डिसेंबर संपत आला की आमच्या ऑफिसात एक मेल ठरलेली. संरक्षण खात्याच्या वार्षिक कायद्यावर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची सही होते आणि साहेबांचा एका ओळीचा निरोप येतो: 'झाली सही. स्टेटमेंट आलंय का बघ.' मी व्हर्जिनियात एका कंत्राटदार कंपनीत कंप्लायन्सचं, म्हणजे कंपनी नियम पाळते का हे बघायचं, काम बघते. स्टेटमेंट म्हणजे सायनिंग स्टेटमेंट, सही करताना राष्ट्राध्यक्ष त्या कायद्याबद्दल काढतात ते निवेदन. कायदा शेकडो पानांचा, स्टेटमेंट फार तर दोन-तीन पानांचं. तरी आधी स्टेटमेंट वाचायचं, ही अक्कल मला ठेच लागून आली.

ती ठेच २०१३ सालची. त्या खेपेला सही लांबून २ जानेवारीला झाली. कायद्याच्या ८२७ आणि ८२८ या कलमांनी कंत्राटदारांकडे काम करणाऱ्या जागल्यांना, म्हणजे व्हिसलब्लोअर्सना, संरक्षण दिलं होतं. मी नवी होते, उत्साहात चार पानी टिपण करून दिलं. दोन दिवसांनी आमच्या वकीलबाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "या दोन कलमांबद्दल ओबामांनी काय लिहिलंय ते वाचलंस?" नव्हतं वाचलं. त्यांनी लिहिलं होतं की, कर्मचाऱ्यांचं काँग्रेसशी, म्हणजे अमेरिकी संसदेशी, होणारं बोलणं बेकायदा असेल किंवा त्यातून गोपनीय माहिती बाहेर जाणार असेल, तर त्याला आवर घालायला खातेप्रमुखांना सांगायचा अधिकार माझा आहे, आणि या कलमांचा अर्थ मी त्या अधिकाराला धरूनच लावीन. माझ्या टिपणातला 'संपूर्ण संरक्षण' हा शब्दप्रयोग तिथल्या तिथे खोडावा लागला.

ऑफिसने तेव्हा एक महागडी कायदेविषयक सेवा घेतली होती. नाव घेत नाही. तिच्यात कायदा मिळाला, समित्यांचे अहवाल मिळाले, स्टेटमेंट काही मिळेना. फोन केला तर 'ते तुमच्या पॅकेजमध्ये बसत नाही' असं उत्तर. वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, "सांता बार्बराचं बघ, फुकट आहे."

सांता बार्बराचं म्हणजे 'द अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट'. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत जॉन वूली आणि गेऱ्हार्ड पीटर्स या दोघांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं दफ्तर. लॉगिन नाही, पैसे नाहीत. राष्ट्राध्यक्षांची भाषणं, आदेश, नकाराधिकाराचे संदेश असा ढीग आहे, आणि त्यात सायनिंग स्टेटमेंट्सचा वेगळा कप्पा. राष्ट्राध्यक्षाचं नाव आणि तारीख टाकली की कागद समोर. मला दोन मिनिटांत ओबामांचं ते पान मिळालं. त्या दिवसापासून मी या साइटची गिऱ्हाईक आहे, म्हणून हा रिव्ह्यू.

हा प्रकार मी बाबांना फोनवर समजावायचा प्रयत्न केला होता. त्यांची सगळी नोकरी भूसंपादन कचेरीत गेली. मी सांगितलं, राज्यघटनेप्रमाणे बिल आलं की सही करा, नाहीतर हरकती लिहून परत पाठवा. दहा दिवस गप्प बसलात तरी, काँग्रेसचं अधिवेशन चालू असेल तर, त्याचा कायदा होतो. अर्धं घेतलं, अर्धं टाकलं असं चालत नाही. खर्चाच्या एकेका बाबीवर काट मारायची मुभा १९९६ च्या कायद्याने दिली होती, ती सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये काढून घेतली. मग राष्ट्राध्यक्ष सही करतात आणि सोबत कागद जोडतात की, अमुक कलम मला घटनाबाह्य वाटतं, मी त्याचा अर्थ असा लावीन.

"म्हणजे तक्रार राखून सही," बाबा म्हणाले. "आमच्याकडे मोबदला घेताना शेतकरी लिहायचे तसं."

"हो, पण इथे तक्रार राखणाराच अंमलबजावणी करणार असतो."

"मग ती तक्रार कसली? ती मेख झाली."

मेखच. आणि साइट वापरताना पहिलं कौशल्य हेच, मेख असलेले कागद वेगळे काढायचे. कारण बरीचशी स्टेटमेंट्स नुसती हारतुरे असतात: अमुक सिनेटरचे आभार, तमुक दिवस ऐतिहासिक. ती सोडून द्या. उरलेल्यांत ठरावीक भाषा शोधायची. 'घटनात्मक अधिकाराशी सुसंगत अर्थ लावला जाईल' असं दिसलं की समजायचं, इथे पाणी मुरतंय. 'सल्लावजा मानू' याचा अर्थ, तुम्ही हुकूम लिहिलात, आम्ही सूचना म्हणून वाचू. मी ब्राउझरमध्ये सरळ ते दोन-तीन शब्द शोधते. ही युक्ती थोरल्या बुशना लागू पडते तशीच धाकट्यांनाही, क्लिंटनना आणि ओबामांनाही. पक्ष बदलला तरी मसुदा करणाऱ्यांची लेखणी एकच असावी असं वाटतं.

सर्वांत प्रसिद्ध नमुना एकदा जरूर उघडा: ३० डिसेंबर २००५, धाकटे बुश. कैद्यांना क्रूर, अमानुष वागणूक द्यायची नाही ही सिनेटर जॉन मॅकेन यांची दुरुस्ती सिनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी उचलून धरली होती. ती संरक्षण खर्चाच्या एका अवाढव्य कायद्यात घातली गेली. त्या कायद्याच्या नावात मेक्सिकोच्या आखातातली चक्रीवादळं आणि इन्फ्लुएन्झाची साथही आहे! स्टेटमेंट त्या नावानेच सुरू होतं. पुढे परिच्छेदामागून परिच्छेद रटाळ, हे कलम असं वाचू, ते कलम तसं वाचू. जांभई येते. आणि बऱ्याच खाली एक लांबलचक वाक्य, की कैद्यांविषयीच्या दहाव्या प्रकरणाचा अर्थ राष्ट्राध्यक्षांच्या सरसेनापती म्हणून असलेल्या अधिकाराशी सुसंगत असा लावला जाईल. छळ करू असं कुठे म्हटलंय? नाही. करणार नाही असं म्हटलंय? तेही नाही. नरो वा कुंजरो वा. पहिल्यांदा वाचताना माझ्या नजरेतून ते वाक्य सुटलं होतं, मागे जाऊन शोधावं लागलं. 'बोस्टन ग्लोब'च्या चार्ली सॅव्हेज यांनी असे कागद चिकाटीने चाळले, २००६ मध्ये साडेसातशेहून जास्त कायद्यांचा हिशेब मांडला आणि पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळवलं. कागद तर उघडेच पडलेले होते, वाचायला कोणी बसलं नव्हतं.

जुनं वाचायची हौस असेल तर १८३० मधले राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन आहेत. एका बिलात डेट्रॉइटहून शिकागोकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी पैसे होते. त्यांनी सही केली आणि कळवलं की रस्ता मिशिगनच्या हद्दीबाहेर जाणार नाही असं मी धरून चालतो. १८४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांनी सहीची कारणं लिहून ठेवली, तर काँग्रेसमधल्या जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्या समितीने त्याला सरकारी दफ्तराचं विद्रूपीकरण म्हटलं. आज तीच विद्रूपं दफ्तरं मी चहा पिता पिता स्क्रोल करते. याचं थोडं श्रेय एडविन मीझ यांनाही द्यावं लागेल. रेगन यांच्या या अ‍ॅटर्नी जनरलनी १९८६ मध्ये 'वेस्ट' प्रकाशनाला पटवून स्टेटमेंट्स कायद्यांच्या इतिहासाच्या ग्रंथांत छापून घेतली, कोर्टाने कायद्याचा अर्थ लावताना काँग्रेससारखंच राष्ट्राध्यक्षांचंही म्हणणं बघावं म्हणून. न्यायालयांनी फारसं बघितलं नाही, ते वेगळं.

करमणूक हवी असेल तर ट्रम्प, २ ऑगस्ट २०१७. रशियावरच्या निर्बंधांचा कायदा. त्या दिवशी कागद दोन आहेत, एक वकिली आणि एक खास त्यांच्या आवाजातला. दुसऱ्यात ते कायदा सदोष म्हणतात, मी अब्जावधींची कंपनी उभी केली आहे सांगतात आणि काँग्रेसपेक्षा आपण परदेशांशी कितीतरी चांगले सौदे करू असंही. सही मात्र केलेलीच.

आता उणीव. साइटची नाही, मालाचीच. स्टेटमेंट राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले एवढंच सांगतं. पुढे काय घडलं ते त्या पानावर नसतं, आणि माझ्या कामाला नेमकं तेच लागतं. काँग्रेसचं तपासणी कार्यालय जीएओ याने २००७ मध्ये अशी १९ कलमं तपासली: १० कायद्यात लिहिल्याप्रमाणे अमलात आली, ६ आली नाहीत, ३ वापरायची वेळच आली नव्हती. म्हणजे मेख दिसली म्हणून कायदा मोडलाच असं धरू नका, आणि निश्चिंतही राहू नका. २६ डिसेंबर २०१३ चं ओबामांचं स्टेटमेंट वाचा: ग्वांटानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या कैद्यांना हलवण्याच्या अटींबद्दल, वाटाघाटीत झटपट हालचाल करायला मोकळीक हवी. मला ते नेहमीचंच वाटलं होतं. पाच महिन्यांनी तालिबानच्या ताब्यातले अमेरिकी सार्जंट बो बर्गडाल यांच्या बदल्यात पाच तालिबानी कैदी सोडले, काँग्रेसला ३० दिवस आधी कळवायचं ते न कळवता. जीएओने त्याला कायद्याचा भंग ठरवलं. तेव्हा एका खिडकीत सांता बार्बरा, दुसरीत जीएओ, असंच बसायचं.

बाबांना यातली एकच गोष्ट आवडली, आणि तिचा पाठपुरावा त्यांनी माझ्याकडून करवून घेतला. ३० सप्टेंबर २००२ चं धाकट्या बुश यांचं स्टेटमेंट. जेरुसलेम कुणाचं हा वाद जुनाच. जेरुसलेममध्ये जन्मलेल्या अमेरिकन मुलाच्या पासपोर्टवर आईवडिलांनी मागितलं तर जन्मस्थान 'इस्रायल' लिहा, असं काँग्रेसने कायद्यात घातलं. बुश यांनी सही केली आणि लिहिलं, हे बंधनकारक मानलं तर माझ्या घटनात्मक अधिकारात ढवळाढवळ होईल. पुढच्याच महिन्यात तिथे एक मूल जन्मलं, आईने अर्ज केला, परराष्ट्र खात्याने नकार दिला. खटला चालत राहिला आणि ८ जून २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी राष्ट्राध्यक्षांची बाजू उचलून धरली.

"ते ठीक आहे," बाबा म्हणाले, "पण त्या पोराच्या पासपोर्टवर शेवटी छापलं काय?"

ते स्टेटमेंटच्या पानावर नव्हतं, बातम्यांत शोधावं लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये परराष्ट्र खात्यानेच नियम बदलला, आणि 'इस्रायल' लिहिलेला पहिला पासपोर्ट त्याच मुलाला दिला. तेव्हा तो अठरा वर्षांचा झाला होता.