अमेरिका की जर्मनी? पगाराआधी हे पाहा

पुण्याच्या आयटीत दोन्हीकडच्या संधी समोर असणारे बरेच जण आधी पगार पाहतात. सॉफ्टवेअरमध्ये तिथे अमेरिका खूपच पुढे आहे आणि जर्मनीत कपातीही जास्त. एकटे असाल आणि पाच-सहा वर्षं जोरात कमवून परतायचं असेल, तर अमेरिकेला जा. बिऱ्हाड घेऊन निघणाऱ्यांनी मात्र नोकरी गेली तर काय होतं, हे आधी विचारावं.

अमेरिकेत मोंटाना सोडलं, तर बाकी राज्यांत कंपनी कारण न सांगता, नोटीस न देता काढू शकते. भेदभावातून मात्र काढता येत नाही. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असेल, तर त्यानंतर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवी कंपनी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. आरोग्य विमाही बहुधा कंपनीचाच. तो काही काळ चालू ठेवता येतो, पण हप्त्यातला कंपनीचा वाटाही आपल्याच खिशातून जातो, तोही पगार थांबलेला असताना.

जर्मनीत सहा महिने भरले आणि कंपनीत दहापेक्षा जास्त माणसं असली, की काढायला कायद्यात बसणारं कारण लागतं. पत्र कागदावर आणि शाईच्या सहीचं हवं. ईमेलवर काढलेलं ग्राह्यच नाही. पत्र मिळाल्यावर तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात जावं लागतं, ती मुदत अजिबात चुकवू नका. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने बेकारी विमा भरलेला असेल, तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के बेकारी भत्ता मिळतो, मूल असल्यास ६७. प्रोबेशनमध्ये मात्र दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी बसवतात. म्हणून कुटुंबाला लगेच नेऊ नका.

जर्मनीत आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार. सुट्टीत आजारी पडलात, तर डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर त्या सुट्ट्या परत मिळतात. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने पगारी सुट्टी एकही नाही. बाळंतपणासाठी १९९३च्या कायद्याने १२ आठवडे रजा आहे, तीही बिनपगारी आणि ५०पेक्षा कमी माणसांच्या कंपनीला लागू नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत स्थिती बरी आहे.

जर्मनीचा जाच भाषेचा. ऑफिसात इंग्रजी चालेल, पण सरकारी पत्रं, घरमालक, मुलांची शाळा सगळं जर्मन. म्युनिकमध्ये घर मिळवताना तर जीव मेटाकुटीला येतो. तरी ती भाषा शिकाच. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, कायम वास्तव्य २७ महिन्यांत मिळतं, बी१ म्हणजे मध्यम पातळीची भाषा आली तर २१ महिन्यांत. अमेरिकेत दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. त्या रांगेत मूल २१ वर्षांचं झालं, तर आई-वडिलांच्या व्हिसावर राहण्याचा त्याचा हक्क संपतो. घरात दहा-बारा वर्षांचं लेकरू असेल, तर मी जर्मनीच निवडेन.