पांढऱ्या वॅगनआरवरची चमक: सॉफ्ट९९ फुस्सो कोट लाइट, दहा महिन्यांनंतर

माझी गाडी २०१९ची वॅगनआर, रंग सुपिरियर व्हाइट. स्वतःच्या पगारातून घेतलेली माझी पहिली गाडी. घर भुसावळात, रेल्वे लाइनीपासून चालत पाच मिनिटांवर, आणि गाडी उभी राहते ती उघड्यावर. हे आधीच सांगते, कारण पुण्या-मुंबईत झाकलेल्या पार्किंगमध्ये ठेवलेल्या गाडीवर एखादं वॅक्स कसं दिसतं, ते वाचून मला काही उपयोग झाला नव्हता. आमच्याकडे रुळांवरून लोखंडाची बारीक धूळ येते. वारा फिरला की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख येते. बोअरचं पाणी जड आहे, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पांढऱ्या रंगाची याहून कडक परीक्षा कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

सॉफ्ट९९ ही जपानमधल्या ओसाकाची कंपनी. त्यांच्या फुस्सो कोट या गाडीच्या वॅक्सच्या दोन डब्या मिळतात, एक गडद रंगांसाठी आणि एक फिकट रंगांसाठी. ‘फुस्सो’ म्हणजे जपानीत फ्लोरिन. माझी फिकट रंगांसाठीची लाइट. दोनशे ग्रॅमची चपटी डबी, आत स्पंज. कंपनी बारा महिने टिकेल म्हणते. मी ती मागच्या डिसेंबरात लावली, आता ऑक्टोबर आहे.

डबी चांगलीच आहे, मी पुन्हा घेईन. पण माझ्या गाडीला जी चमक आली ती या डबीतून आली नाही. ती डबी उघडायच्या आधीच आली होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ‘पांढऱ्या गाडीला चमक येतच नाही’ हे वाक्य ऐकून मला स्वस्थ बसवेना. चमक म्हणजे पृष्ठभागावरून आरशासारखा परतणारा प्रकाश. समोरून पाहिलं तर रंगाच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश असा परततो, मग रंग काळा असो की पांढरा. काळ्या रंगात बाकीचा प्रकाश गिळला जातो, म्हणून ते चार टक्के उठून दिसतात आणि आपण म्हणतो, काय खोली आहे! पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते बाकीचा बहुतेक प्रकाश सगळ्या दिशांना विखरून टाकतं, आणि त्या उजेडात चार टक्के हरवतात. चमक तिथेही असतेच, पण ती दिसायला पृष्ठभाग अगदी स्वच्छ आणि सपाट लागतो. पांढऱ्यावर ओरखडे फारसे दिसत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. मळ मात्र असा बसतो की गाडी मळकीही वाटत नाही, नुसती थकलेली वाटते.

माझी तशीच झाली होती. धुतल्यावरही दुधात पाणी घातल्यासारखा रंग. मागच्या दारावर आणि डिक्कीवर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके होते. मला वाटलं पत्रा गंजतोय. जळगावात एका ठिकाणी सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे रंगावर घट्ट बसणाऱ्या काचेसारख्या कडक थराची, चौकशी केली. तिथे ठिपके बघितलेही नाहीत, ‘पांढऱ्यावर काय दिसतंय मॅडम, डायरेक्ट मारून देतो’ म्हणाले. त्या दिवशी मी परत आले ते बरं झालं. त्या कोटिंगखाली ते ठिपके कायमचे अडकून राहिले असते.

ते ठिपके म्हणजे पत्र्याचा गंज नव्हे. चाकं, रूळ आणि ब्रेक घासून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. त्यांच्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. गाडी धुऊन घेतली, सावलीत फवारला आणि दोन मिनिटांत सगळ्या डिक्कीवरून जांभळे ओघळ सुटले. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरतं आणि रंग बदलतो. काळ्या गाडीवर हे नीट दिसणारही नाही, पांढरीवर ते पाहून मी आणि माझा मुलगा दोघेही गप्प झालो. एवढं लोखंड घेऊन ही गाडी पाच वर्षं फिरत होती! वास मात्र उग्र येतो, पार्लरमध्ये केस सरळ करताना येतो तसा. त्याच जातीचं रसायन तिथेही वापरतात. हातमोजे घाला, आणि द्रव वाळू देऊ नका. तीन-चार मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. माझ्या गाडीला दोनदा मारावा लागला.

मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा. नुसत्या तळहाताने कळत नाही, म्हणून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवून बघा. गुळगुळीत वाटणारं बॉनेट रव्याच्या लाडवासारखं खरखरीत लागतं. क्लेचा लिंबाएवढा गोळा चपटा करायचा, शाम्पूचं पाणी सढळ हाताने शिंपडायचं आणि अजिबात न दाबता पुढे-मागे फिरवायचा. आधी खरखर ऐकू येते, मग आवाज बंद होतो. आवाज बंद झाला की तेवढी जागा झाली. गोळा मळला की मोडून आतली स्वच्छ बाजू काढायची. खाली जमिनीवर पडला तर पाण्याने धुऊन पुन्हा वापरायचा मोह धरू नका, टाकून द्या. माझ्याकडून एक तुकडा पडला आणि जीव हळहळला, पण टाकला.

दारांच्या खालच्या भागावर डांबराचे शिंतोडे होते, ते टार रिमूव्हरने गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सगळ्यात जास्त वेळ बॉनेटला लागला. अगदी बारीक कणांचं फिनिशिंग पॉलिश, हाताने, एका वेळी वहीच्या दोन पानांएवढी जागा. मशीन वापरलं नाही. हाताच्या पॉलिशने खोल ओरखडे जात नाहीत, पण उन्हाने आणि क्षारांनी आलेला धूसरपणा जातो, आणि पांढऱ्यावर नेमकं तेवढंच हवं असतं. शेजारचे काका दोनदा येऊन बघून गेले. ‘ताई, गाडी धुऊन राहिल्या की घासून राहिल्या?’ संध्याकाळी मात्र तेच बॉनेटवर वाकून कडुलिंबाची फांदी बघत होते. पानंपानं वेगळी दिसत होती. आणि वॅक्सची डबी तोवर घरात कपाटातच होती.

डबी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उघडली, ऊन यायच्या आधी. वॅक्स घट्ट आहे आणि वास रॉकेलच्या वळणाचा, म्हणून उघड्यावरच लावा. स्पंज किंचित ओला करून डबीत एकदाच फिरवला की अर्ध्या दाराला पुरतो. थर इतका पातळ हवा की पांढऱ्यावर तो दिसणारच नाही. कुठे लावलं आणि कुठे नाही हे कळत नाही, म्हणून मी एक पत्रा पूर्ण करायचा, पाच-सात मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि मगच पुढचा घ्यायचा असं केलं. पूर्ण गाडी माखून मग पुसायला गेलात तर पहिलं दार घट्ट धरून बसेल.

पुसल्यावर दिसण्यात फरक? थोडासा. आदल्या दिवशीची चमक तीच, वर काचेसारखा कोरडा, थंड उजेड. कार्नोबा या ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या वॅक्सची उबदार झाक यात नाही, आणि पांढऱ्यावर ती झाक मला नकोच होती. खरा फरक हाताला कळतो. मायक्रोफायबरचं कापड ठेवलं की घसरून खाली येतं. आणि खरा फायदा पुढच्या महिन्यांत कळतो. राख चिकटून बसत नाही, पाण्याच्या पहिल्या झोतात निघते. पक्ष्यांची घाण ओल्या कापडाने एका हातात येते. एप्रिल-मे सगळा उघड्यावर काढून, पावसाळाही संपला, तरी टपावर आणि दारांवर पाणी गोळ्या होऊन पळतं. बॉनेटला खालून इंजिनाची आणि वरून भुसावळची उष्णता, म्हणून तिथे मी मृगाच्या आधी आणखी एक हात फिरवून घेतला. डबी अजून निम्मीही संपलेली नाही. आयर्न रिमूव्हर, क्ले, पॉलिश, कापडं आणि ही डबी, सगळं मिळून चार हजारांच्या आत झालं.

चमक टिकली त्यात डबीइतकाच वाटा एका सवय मोडण्याचा आहे. रोज सकाळी गाडीवर कोरडं फडकं मारणं मी पूर्ण बंद केलं. राखेत वाळूसारखे कठीण कण असतात, त्यावर कोरडं फडकं म्हणजे पॉलिशपेपरच. आता धूळ बसली तर बसू देते आणि रविवारी दोन बादल्यांनी धुते, एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं हात खळबळायला पाणी. कपड्यांचा साबण नाही, त्याने वॅक्स लवकर उतरतं. आणि एक विनवणी: आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरू नका. पाणी वाचवण्याचा विचार चांगला आहे, पण त्यात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते पत्र्यावर वाळले की चुन्याचे गोल डाग उठतात. कुठलंही पाणी वापरा, पण गाडी वाळायच्या आत पुसून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी मला फळ्याने शिकवली. खडू पांढरा दिसतो तो फळा काळा असतो म्हणून. बंपरच्या खालचं आणि आरशांभोवतीचं प्लास्टिक उन्हाने करडं पडलं होतं. त्याला ट्रिम ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिक पुन्हा काळं दिसावं म्हणून लावायचं द्रव, लावलं, टायर घासून काळे केले, काचा आतूनही पुसल्या. रंगाला हातही न लावता गाडी आणखी पांढरी झाली. हा अर्ध्या तासाचा खटाटोप कुणीही सोडू नये.

चमक बघायची तर भर दुपारी समोर उभं राहून बघू नका, तेव्हा पांढरी गाडी नुसती डोळ्यांवर येते. दिवे लागल्यावर हेडलाइटच्या उंचीला बसा आणि बॉनेटवरून तिरकं बघा. तिरक्या नजरेला परतणारा प्रकाश कितीतरी वाढतो. काल रात्री मी तशी बसले होते. रस्त्यावरचा दिवा बॉनेटच्या कडेपर्यंत सरळ उतरला होता आणि त्याच्या खांबावरचा नंबर उलटा वाचता येत होता.

डिसेंबरचा पहिला रविवार मी राखून ठेवला आहे. आयर्न रिमूव्हरची बाटली मागवली, डबी घरात आहेच. या वेळी किती जांभळं निघतं ते बघायचंय.