तालुक्याचा ज्युदो क्लास: एकच डाव शिकवतात, पण शिकवतात

आधीच सांगून देतो. ज्याला सहा महिन्यात पोराच्या कमरेला रंगीत पट्टा अन् स्टेटसला टाकायला फोटो पाहिजे त्याने इथे जाऊ नये, मग पैसे वाया गेले म्हणाल. ज्याला एक डाव असा शिकायचा आहे की समोरचा खरंच उचलला जाऊन पाठीवर पडला पाहिजे, त्याने बिनधास्त जावं. माझ्याकडून चार स्टार, पाचवा काऊन नाही ते खाली येते.

यवतमाळ जिल्ह्यातला आमचा तालुका, क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत अन् सर माणूस म्हणून चांगले आहेत, ज्याला शोधायचं त्याला गावात कोणीही सांगते. जुन्या गोदामाचं टिनाचं शेड आहे, आत मॅट टाकल्या, एका भिंतीला डावांचा चार्ट अन् बाहेर कडुनिंबाचं झाड, बस एवढंच. संध्याकाळी सहा ते साडेसात. शाळेचे पोट्टे, पोट्ट्या अन् माझ्यासारखे दोन-तीन बाप्ये. मी खरं तर भाच्याला सोडून बाहेर मोबाईल पाहत बसायचो, तर सर एक दिवस म्हणाले "भाऊ, बसून काऊन राहिले, या नं मॅटवर", तेव्हापासून मी पण जातो.

सुरुवातीचे आठवडे फक्त पडणं. मागे पडा, बाजूला पडा, गुलाटी मारून पडा, हनुवटी छातीला लावा म्हणजे डोकं आपटत नाही, हात शरीरापासून थोडा दूर पूर्ण सपाट मारा. पडताना हात मागे टेकवायचा नाही हे तर सर झोपेतही सांगतील, मनगट अन् कोपर तिथेच जाते. काही मायबाप याच्यावरच नाराज होऊन पोरं काढून नेतात, की पडायले पैसे भरून राहिलो का आम्ही. त्यांना काय सांगावं. पडता आलं नाही तर पार्टनर फेकू देत नाही, आखडून धरते, अन् फेकणाराही मग घाबरत घाबरत अर्धाच डाव करतो, म्हणजे दोघंही शिकत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ज्युदोत हाताचे डाव, ज्याला ते-वाझा म्हणतात, ते जपानच्या कोडोकानच्या यादीत १६ आहेत. जिगोरो कानो यांनी १८८२ साली काढलेली संस्था ती, ज्युदो तिथूनच निघाला. आमच्या भिंतीवरच्या चार्टवर सोळाच्या सोळा आहेत अन् त्यातले बहुतेक चार्टवरच राहतात, कारण सर शिकवतात सेओइ-नागे. खांद्यावरून फेकायचा तो. यूट्यूबवर तो दोन सेकंदात होते अन् पाहणाऱ्याला वाटते पाठ फिरवली, वाकलो, झालं. इथे त्या दोन सेकंदाचे तुकडे करून महिनोन्महिने घासतात, अन् मला विचाराल तर फी त्याच्याचसाठी द्यायची.

पकड अशी की डाव्या हातात त्याची उजवी बाही, उजव्या हातात त्याची कॉलर. पहिलं काम ओढणं. डावा हात वर अन् पुढे, मनगट वळवून घड्याळात टाइम पाहतो तसा, अन् उजव्या हाताने कॉलर वर, इतकं की समोरच्याच्या टाचा उचलल्या पाहिजेत अन् वजन पंजावर आलं पाहिजे. याला कुझुशी म्हणतात, म्हणजे तोल मोडणं. मग त्सुकुरी, म्हणजे आत शिरून जागा घेणं, अन् शेवटी काके, फेकणं. सर महिनाभर काके करूच देत नाहीत. नुसतं ओढा, शिरा, परत या. ओढा, शिरा, परत या. याला उचिकोमी म्हणतात अन् खरंच बोअर होते, खोटं कायले बोलू.

पण गंमत याच्यातच आहे. शंभरातले नव्वद जण आधी पाठ फिरवतात अन् मग ओढतात, आम्हीही त्यातलेच. आधी पाठ फिरवली की समोरचा आपल्या जागी मस्त उभा राहते, आपण त्याच्या पोटाला पाठ लावून नुसते ढकलत बसतो, अन् त्याने जरा मागे वजन टाकलं की आपणच उताणे. सर तिथून ओरडतात, "अबे ओढ नं पयले, पाठ कायले दाखवून राहिला त्याले!" मग गुडघे. आत शिरताना आपला कमरेचा पट्टा त्याच्या पट्ट्याच्या खाली गेला पाहिजे, म्हणजे गुडघ्यातून बसावं लागते, कमरेतून वाकून चालत नाही. पाय त्याच्या दोन पायांच्या आत, पंजे तो पाहते त्याच दिशेला, मग पाय सरळ करत उचलायचं अन् डोकं डावीकडे वळवत दोन्ही हात खाली ओढत न्यायचे. डोकं समोरच ठेवलं तर समोरचा खांद्यावर अडकून बसते, हे मला सगळ्यात उशिरा पटलं.

कोपराचं वेगळं लिहितो कारण याच्यानेच लोकं जखमी होतात. कॉलर धरलेल्या हाताची कोपर त्याच्या उजव्या काखेखाली घुसली पाहिजे. ती मागे राहिली, त्याच्या छातीवर अडकली, अन् तशातच जोर लावला, तर सगळा भार आपल्या कोपरावर येते. ज्याची कोपर जातच नाही (जाड मनगटवाले, खांदे आखडलेले, शेतात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरणारे) त्याला सर कॉलर सोडायला लावतात अन् इप्पोन-सेओइ देतात, त्याच्यात उजवा हात पूर्ण त्याच्या काखेखालून घालून दंड आपल्या कोपराच्या बेचक्यात पकडायचा. सरांच्या मोबाईलमध्ये जपानचा ज्युदोपटू तोशिहिको कोगाचे व्हिडिओ आहेत, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकला ७१ किलोत सोनं घेतलं त्या माणसाने, तेही स्पर्धेच्या तोंडावर गुडघा दुखावलेला असताना. कोगाचा इप्पोन-सेओइ स्लो करून दाखवतात अन् पोट्ट्यांना म्हणतात पाय नका पाहू, बाही धरलेला हात पाहा.

पार्टनर नसला तर कडुनिंबाला सायकलची ट्यूब बांधली आहे, ती ओढत उचिकोमी करायची. घरी पण हेच करता येते. फेकायला जाड गादी एकच आहे म्हणून नंबर लागतात, पण तोवर बसू देत नाहीत, तिघांचा प्रकार करवतात, एकाला मागून तिसरा पकडून ठेवते अन् फेकणारा पूर्ण जोराने उचलते पण फेकत नाही. पाय कसे भरून येतात ते दुसऱ्या दिवशी संडासला बसताना कळते.

आखाड्यातले पोट्टेही येतात, पोळ्याच्या अन् जत्रेच्या दंगलीत लढणारे. त्यांचं म्हणणं, सर हा तर आपला धोबीपछाड. बरोबर आहे, इप्पोन-सेओइ अन् धोबीपछाड भाऊ-भाऊच. पण लाल मातीत अंगावर कापड नाही, घामाने हात सुटते, म्हणून हातच घट्ट मिठीत घ्यावा लागते, इथे जाड कापडाची बाही हातात असते म्हणून दुरूनच तोल मोडता येते. हे त्यांना पचायला वेळ लागते. ताकद आमच्यापेक्षा दुप्पट अन् ओढायच्या आधीच उचलायला जातात. वरून सवयीने पट काढायला, म्हणजे पाय धरायला, खाली जातात अन् शिटी वाजते, कारण उभ्या झुंजीत कमरेखाली हात लावणं २०१० पासून कमी करत आणून २०१३ ला पूर्ण बंद झालं, दंड बसते. चार्टवरचे मोरोते-गारीसारखे (दोन्ही पाय धरून पाडायचा तो) दोन-तीन डाव त्याच्यामुळेच स्पर्धेत निकामी झाले.

शुक्रवारी रांदोरी, म्हणजे मोकळी झुंज. तिथे पयले सगळं शिकलेलं गायब होते. उभ्या जागी सुंदर दिसणारा डाव हलत्या माणसावर लागत नाही, तो हात ताठ करून, कंबर मागे काढून उभा राहते. सरांचा उपाय सोपा, आधी को-उचि-गारी दाखवा, म्हणजे पायाच्या आतून हलकी झाडणी. तो पाय वाचवायला मागे जाते, मग सावरायला पुढे येते, त्या पुढे येण्यातच शिरायचं. तो पुढे येऊन राहिला की अर्धं ओढणं त्यानेच केलेलं असते. माझा एकदा असा लागला, भाचा बाजूने ओरडला "मामाऽऽ इप्पोन!", म्हणजे पूर्ण गुण, समोरच्याची पाठ सपाट पडली, जोरात पडली, झुंज खतम. त्याच्यानंतर मी क्लास सोडायचा विचार सोडला.

आता पाचवा स्टार. उंच माणसाला सेओइ-नागे अवघड जाते, इतकं खाली बसून शिरावं लागते, त्याला ताइ-ओतोशी बरा, पाय आडवा टाकून हातानेच पाडायचा, पाठीवर घ्यायचं कामच नाही. सर तो टाळतात, म्हणतात नवशिका आडव्या पायाच्या गुडघ्यावर पडला तर लिगामेंट जाते. भीती खरी आहे, पण सहा फुटी पोट्ट्याला किती दिवस बसवणार? डाव्या बाजूने काहीच शिकवत नाहीत. मॅट सरकतात, मधल्या फटीत पायाचं बोट जाते, चिकटपट्टी लावा म्हणून सांगून सांगून थकलो. मे महिन्यात टिनाखाली भट्टी असते अन् लाइन गेली की पंखेही नाही. पोरींना कपडे बदलायला खोली नाही, हे तर लवकर व्हायलाच पाहिजे. सोयाबीन काढणी अन् कापूस वेचणीत अर्धा क्लास गायब असते, त्याचा दोष सरांना नाही देत, पण पट्ट्याची परीक्षा नेमकी कधी हे मात्र त्यांनी सांगायला पाहिजे, दरवेळी "पुढच्या महिन्यात पाहू".

फी महिन्याला ४०० रुपये, दोन भावंडं असली तर दुसऱ्याची अर्धी. गी, म्हणजे ज्युदोचा ड्रेस, लगेच घेऊ नका, पहिला महिना ट्रॅकपँटवर चालते. घ्याल तेव्हा कराटेचा घेऊ नका, पातळ असते, बाही ओढली की खांद्याच्या शिलाईतून फाटते, ज्युदोचा विणीचा जाड येते तोच मागा अन् सुती असेल तर एक साइज मोठा, धुतल्यावर आटते. अन् जायच्या आधी हातापायाची नखं कापा, वाढलेली दिसली की सर दारातूनच परत पाठवतात, मोठ्यांनाही.