मागचं कॅरिअर: सात महिने आणि तीन खरेद्यांनंतर

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. नोव्हेंबरात सायकलने चिखलदऱ्याला जायचं ठरवलं, तेव्हा कॅरिअर शोधायला लागलो. बाराशेच्या वर जायची तयारी नव्हती.

पहिलं घेतलं ते सीटच्या दांड्याला आवळायचं. त्यावर 10 किलोची मर्यादा छापलेली होती. 9 किलोची बॅग लादून पांदणीने वावरात जाऊन आलो, तेवढ्यात ते एका अंगाला फिरलं आणि बॅग टायरला घासली. दोन्ही बाजूंना बॅगा टांगून लांब जायचं असेल तर हा प्रकार घेऊच नका.

दुसरं ॲल्युमिनियमचं, चार बोल्टवर बसणारं, 25 किलोचं. सायकलच्या मागच्या आसाजवळ फ्रेमला भोकं असतील तरच हे बसतं, ते आधी बघून घ्या. मी 14 किलो सामान लादलं. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचावर, पण चढताना काहीच कुरकुर नाही. उतरून धामणगाव गढीकडे येताना मागून खडखड सुरू झाली. थांबून बघतो तर उजवीकडचा खालचा बोल्ट फ्रेमच्या तोंडाशीच तुटलेला, अर्धा तुकडा आत. कॅरिअरच्या डाव्या पायाच्या जोडाजवळ केसाएवढी चीर. बांधकामाच्या तारेने बांधून परतवाडा गाठलं.

वेल्डिंगवाल्या दादांनी चिरेवरून नख फिरवलं नि म्हणाले, "भाऊ, हे ॲल्युमिनियम हाय. आपल्या मशीनवर नाही जमत." आत अडकलेला तुकडा मात्र त्यांनी धीराने काढून दिला.

तो बोल्ट का तुटला, हे तेव्हा कळलं. बोल्ट घट्ट असतो तोवर कॅरिअरचा पाय फ्रेमला दाबून धरलेला असतो आणि भार त्या पकडीवर पेलला जातो. जरा ढिला झाला की पाय हलतो, प्रत्येक खड्ड्याला बोल्ट वाकतो आणि 5 मिलिमीटरचा तो बोल्ट शेवटी थकून तुटतो. मी निघताना आवळला होता, त्यानंतर तीन दिवस हातही लावला नव्हता.

आता वापरतोय ते भरीव लोखंडी सळईचं, 850 रुपयांचं. किराणा दुकानाच्या काट्यावर 1 किलो 400 ग्रॅम भरलं, म्हणजे आधीच्याच्या जवळपास दुप्पट. मला ते वजन मान्य आहे. फेब्रुवारीत लोणारला जाताना मेहकरच्या अलीकडे एक जोड सुटला, तर रस्त्यावरच्याच दुकानात पंधरा मिनिटांत, 50 रुपयांत जोडून मिळाला. जोडल्या जागी रंग लावायचा, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो.

बसवताना खालचे बोल्ट थोडे लांब घ्या आणि आतून नायलॉनची कडी असलेला नट लावा. उजव्या बाजूला चेन सगळ्यात लहान चकतीवर आणून पायडल उलटं फिरवून बघा. माझ्याकडे नट चेनला घासत होता, एक वायसर घालून भागलं. बॅगा टांगल्यावर टाचही लागते का ते बघा. माझी लागायची, म्हणून बॅगा चार बोटं मागे सरकवल्या.

आता रोज सकाळी निघण्याआधी 4 नंबरच्या ॲलन (सहा कोनी) चावीने चारही बोल्ट आवळतो. दोन जादा बोल्ट सीटखाली चिकटपट्टीने गुंडाळून ठेवलेत. लोणारहून परत येईस्तोवर एकदाही काढावे लागले नाहीत.