मळ्यातलं शेड: पत्रा, कौलं, चिरा की रेडिमेड केबिन?

बेळगावात राहून येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी नाहीतर खानापूर रोडला पाच-दहा गुंठे राखलेली माणसं आता गल्लोगल्ली आहेत. वाटणीत आलेली असोत नाहीतर घेतलेली, भाजी लावली की पहिला प्रश्न एकच, खुरपी-कुदळ, फवारणी पंप, खताची पोती ठेवायची कुठं. मग कोण म्हणतंय पत्रा मार, कोण म्हणतंय कौलारू कर छान दिसतंय, आणि एखादा रेडिमेड केबिनचे फोटो पाठवतो. माझं म्हणणं एवढंच की छप्पर कशाचं हे नंतर बघा, आधी जमीन कुठली आणि वारा कुठनं येतो ते बघा, निम्मा निर्णय तिथंच होतो.

आपल्याकडं एका जिल्ह्यात दोन मुलूख आहेत. मलप्रभा उगवते त्या कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला लाल माती, खाली जांभा, पाऊस नुसता कोसळतो. अथणी-रायबागकडं काळी माती आणि पाऊस बेताचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं वर नुसता कोबा घालून त्याच्यावर भिंत उभी केली तर वर्षा-दोन वर्षात तडा ठरलेला. तिथं खांबाचे खड्डे भेगांच्या खाली जाईपर्यंत खणायचे, मुरूम भरून ठोकून घ्यायचा आणि वरचं वजन हलकं ठेवायचं, म्हणजे पत्राच. येळ्ळूर-वडगाव शिवारात तर बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरतं, तिथं जोतं उंच घेतल्याशिवाय काहीच करू नका. लाल मुरमाड जमिनीत मात्र पाया लगेच लागतो, तिथं चिरा (जांभ्याचा घडीव दगड), कौलं सगळं चालतं.

आता पत्रा. चौकोनी पाईपचा सांगाडा आणि वर कलर पत्रा, दोन-तीन दिवसात उभं राहतं. उद्यमबागच्या कारखान्यांमुळं बेळगावात वेल्डरची कमी नाही. वेल्डर भाव किलोवर सांगतो, तेव्हा नुसता किलोचा भाव विचारून घरी येऊ नका, पाईपची जाडी विचारा, कारण पातळ पाईप किलोत कमी बसतो आणि कोटेशन स्वस्त दिसतं, पण वेल्डिंगच्या जोडाशी गंज पहिला तिथंच धरतो. पाईप २० फुटी येतो, म्हणून १० फुटाच्या मापात सांगाडा बसवला तर एका पाईपचे दोन तुकडे होतात, वाया काही जात नाही. १० × १२ चं शेड पाच-दहा गुंठ्याला भरपूर झालं. पत्रा ०.५० मिमीच्या आसपासचा घ्या, ०.३५ चा वर चढून स्क्रू मारतानाच वाकतो.

पत्र्याचा खरा शत्रू जुलैचा पाऊस नाही, एप्रिल-मेचा वळीव आहे. तो वाऱ्यासकट येतो आणि पुढं आलेली वळचण खालनं उचलतो. म्हणून वळचण फुटाभरापेक्षा जास्त काढू नका, कडेच्या ओळीला स्क्रू जवळजवळ मारा, आणि स्क्रूखालचं रबरी वायसर बसलंय का ते स्वतः वर चढून बघा, गडी घाईत असला की निम्मे वायसर खिशातच राहतात. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडनं येतो तेव्हा दार पूर्वेला, आणि पत्र्याची मांडणी पूर्वेच्या टोकाकडनं सुरू करायची म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडं येत नाही.

पत्र्याचा दुसरा त्रास उन्हाचा. मे महिन्यात दुपारी आत उभं राहवत नाही, बियाणं तर आत ठेवूच नका, उगवण जाते. समोरासमोरच्या भिंतीत वर वीतभर जाळी सोडली तर बराच फरक पडतो. युरियाची पोती पत्र्याला टेकवून ठेवू नका, ओल धरून खत पत्रा खातं, खाली लाकडी फळ्या टाका.

कौलं मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगतो म्हणजे पुढचं त्या हिशेबानं वाचा. खानापूरची माती कौलं-विटांसाठी जुनी नावाजलेली, आणि जुनं घर पाडलं की कौलं, वासे स्वस्तात मिळतात. आत गार, पावसाचा आवाज कमी, एक फुटलं तर एकच बदलायचं. पण उतार चांगला लागतो, पत्र्याला दहा अंश चालतो तिथं कौलाला पंचवीस-तीसच्या खाली गेलात की जोरकस पावसात पाणी मागं सरून आत ठिबकतं. वजन भारी, म्हणजे वासे-रिपा दणकट हव्यात आणि वाळवी आली. आणि वानरं! जंगलालगतच्या शिवारात वानरांचा कळप एकदा आढ्यावरनं उड्या मारत गेला की पुढचा रविवार तुमचा कौलं चाळण्यात जातो. रोज जाणारा माणूस असेल तर कौलं, आठवड्याला एकदा जाणार असाल तर सोडून द्या.

चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्रा, हा मधला मार्ग खानापूर भागात सगळ्यात चांगला. चिरा जवळ मिळतो, गिलावा नाही केला तरी चालतं, चोराला पत्रा कापण्याएवढं सोपं जात नाही. अथणीला चिरा नेऊन बांधायचं म्हणाल तर गाडीभाडंच डोक्यावर बसेल.

सिमेंट पत्रा स्वस्त आणि जरा गार, पण ॲस्बेस्टॉसचा असेल तर कापताना उडणारी धूळ फुफ्फुसाला वाईट, जुना फुटका तर अजिबात आणू नका. रेडिमेड केबिन सिक्युरिटीवाल्याला बरं, पाच गुंठ्याच्या भाजीला कशाला? क्रेन आत यायला पाणंदीचा रस्ता तरी हवा.

छप्पर काहीही करा, पन्हळ लावा. १० × १२ च्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ११० लिटर पाणी येतं, रोपांना बॅरलभर झालं की. पीव्हीसी पाइपाही २० फुटीच असतात, त्या १२ फुटाच्या शेडात मावत नाहीत, बाहेर वळचणीखाली अँगल मारून टांगायची सोय वेल्डरला आधीच सांगा. पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र) घेणार असाल तर दार चार फुटी.

परवानगीचं सगळे विचारतात. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ प्रमाणं शेतीच्या सोयीसाठी शेतघर, विहीर बांधायचा हक्क कब्जेदाराला आहे, औजारांचं शेड त्यात बसतं. पण त्यात भाडेकरू ठेवला किंवा दुकान काढलं की ती बिगरशेती झाली, मग वेगळी परवानगी. आणि उताऱ्यावर चार भावांची नावं असतील तर वेल्डरला बोलवायच्या आधी भावांना बोलवा.