जन्मतः वाकडे पाऊल: प्लास्टर की मोठे ऑपरेशन?

बाळाचे पाऊल आत वळलेले आणि टाच वर ओढलेली दिसली, तर आधी ते हाताने हळुवार सरळ होते का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. पूर्ण सरळ होत असेल, तर ते पोटात अवघडून राहिल्याने आलेले वळण; साध्या व्यायामाने ते सुटते. पाऊल कडक असेल, तर तो क्लबफूट. तेल-मालिशने तो जात नाही, नुसते हातातले आठवडे जातात.

मोठ्या ऑपरेशनमध्ये, बहुधा बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर, पूर्ण भूल देऊन घोट्याभोवतीचे आखडलेले बंध सोडवतात, सांधे उघडतात, तारा घालतात. पाऊल एका झटक्यात सरळ दिसते, म्हणून पालकांना हा मार्ग सोपा वाटतो. पण आतल्या व्रणांमुळे ते पुढे अनेकदा ताठर होते आणि मोठेपणी दुखू लागते. वाकडेपणा परतलाच, तर आधी उघडलेल्या पावलावर दुसरे ऑपरेशन फार अवघड जाते.

डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बसवलेल्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल थोडे वळवून नवे प्लास्टर घालतात. साधारण पाच ते सात लागतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरुवात झाली तर उत्तम, पण चालू लागलेल्या मुलालाही उपयोग होतो. प्लास्टर बोटांपासून थेट जांघेपर्यंत हवे, गुडघा 90 अंशांत वाकवलेला. गुडघ्याखालचे प्लास्टर निसटते. कोणी तेवढेच घालत असेल, तर दुसरे केंद्र शोधा. टाच सगळ्यात शेवटी खाली आणायची असते. घाईने पुढचा पंजा वर दाबला, तर तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो. शेवटी बहुतेक बाळांची टाचेमागची कंडरा जागा बधिर करून बारीक छेदाने कापतात. मग तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर. तेवढ्यात ती लांब होऊन जुळते.

घरी रोज बोटे बघा. दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परत आला नाही, किंवा बोटे आत सरकून दिसेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आमचे मत स्पष्ट आहे: सुरुवात प्लास्टरनेच करावी, मोठे ऑपरेशन प्लास्टरने सरळ न होणाऱ्या पावलांसाठी राखावे. मात्र होकार देण्याआधी ब्रेसचा, म्हणजे शेवटचे प्लास्टर निघाल्यावर घालायच्या बुटांचा, हिशेब घरात बसून करा, कारण वाकडेपणा परततो तो बहुतेकदा ब्रेस सुटल्यामुळे. पट्टीला जोडलेले हे बूट पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर झोपेत 12 ते 14 तास, मूल चार वर्षांचे होईपर्यंत घालायचे. आजी-आजोबा किंवा पाळणाघरातल्या ताई ‘रडतंय, काढू या’ म्हणणार असतील, तर त्यांनाही दवाखान्यात सोबत न्या. बूट घालताना आधी त्याचा मधला पट्टा घट्ट करा. टाच बुटात पूर्ण टेकली पाहिजे. फोड येतो तो बहुधा सैल बुटाने, टाच वर-खाली घासून. दोन्ही पाय एकत्र हलवायला शिकवले, की मूल दोन-चार दिवसांत रुळते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पुढे मूल उकिडवे बसताना टाच उचलू लागले, तर लगेच दाखवा. वेळेत गेलात, तर पुन्हा दोन-तीन प्लास्टरवर भागते.