न्यूट्रिनो-दोलनाचा शालेय संच: चौकट घ्या, दोरा बदला

तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्याकडच्या गावोगावच्या शाळा तयार संच मागवतात, त्यातलाच हा एक: न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण वाटेत आपला प्रकार बदलतात (त्यालाच दोलन म्हणतात), ते दाखवणारा. प्लायवूडची चौकट, आडवा दोरा, त्याला टांगलेले 50 सेंमीचे दोन लोलक, दोन पारदर्शक फिल्म आणि तक्ता. कल्पना चोख, दोरा भिकार.

आडव्या दोऱ्याला काटकोनात एक लोलक हलवला की त्याचा झोका हळूहळू दुसऱ्याकडे जातो आणि पहिला थांबतो. न्यूट्रिनोचे प्रकार तीन: इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ. जपानच्या टोकाईहून सोडलेले म्यूऑन न्यूट्रिनो 295 किमीवरच्या कामिओकाला पोचेस्तोवर असाच प्रकार बदलतात. दोऱ्याला मधोमध 3 सेंमी झोळ ठेवा, साधारण 25 हेलकाव्यांत अदलाबदल होते. करकचून ताणला तर बदल व्हायच्या आत लोलकच थंडावतात.

खरी रड लांबीची. सुती दोरा गाठीपाशी ढिला पडतो. एक लोलक सेंटीमीटरभर जरी उतरला, तरी पहिला थांबत नाही, जवळपास निम्मा झोका राहतो. चप्पल शिवायचा मेणाचा दोरा लावा आणि लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. मांडवातला पंखा बंद हवा, हे वेगळं सांगायला नको.

फिल्म मात्र झकास. टॉर्चने भिंतीवर पाडल्या की म्यूऑनचं रेखीव कडेचं कडं आणि इलेक्ट्रॉनचं विस्कटलेलं कडं शेजारी दिसतात. कामिओकातल्या सुपर-कामिओकांदे या शोधयंत्राच्या 50,000 टन पाण्यात न्यूट्रिनो आदळून म्यूऑन किंवा इलेक्ट्रॉन निघतो आणि उजेडाच्या कड्यावरून दोघं असेच ओळखले जातात; इलेक्ट्रॉन पाण्यात कणांचा फवारा उडवतो, म्हणून त्याची कड फाटते.

तक्ता चुकलाय. त्यावर सगळे म्यूऑन न्यूट्रिनो इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो होतात. प्रत्यक्षात बहुतेक टाऊ होतात, इलेक्ट्रॉन थोडेच. टाऊ कण घडायला न्यूट्रिनोत साडेतीन गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांच्या ऊर्जेचं माप) तरी लागतात, टोकाईच्या झोताचा जोर 0.6 वर. त्यामुळे कामिओकात म्यूऑन न्यूट्रिनोंची नुसती तूट दिसते. दोन लोलकांत तिसरा प्रकार बसतच नाही, हे मुलांना बोलून सांगावं लागेल. बदल किती होणार हे ज्यावर ठरतं, तो कामाचा भागाकारही गायब आहे: किमी भागिले ऊर्जा. 295 भागिले 0.6 किंवा अमेरिकेतल्या ड्यून प्रयोगाचे 1300 भागिले 2.5, दोन्ही 500 च्या आसपास. पेनाने लिहून टाका.

आणि तक्त्यावर टोकाई ते कामिओका जो बोगदा काढलाय, त्यावर कागद चिकटवा. झोत सरळ खडकातून जातो. नाहीतर बघायला आलेले आजोबा बाकी सगळं सोडून एवढंच विचारतील, "येवढा बोगदा खंदला कोनं?"